आक्काचा हरभरा आणि आमची मोजणी

शुक्रवार, १२ बहमन, फसली १३४८. मार्गशीर्ष वद्य पक्ष. थंडी कडक, वारा नाही, धुकं पाण्यापुरतं.

हजर: मी, आप्पा, जमादार.

गैरहजर: आक्का. झरीला लेकीकडे, बाळंतपणासाठी. उद्या दुपारी परत.

वहीत त्या पानाच्या डोक्यावर एवढंच आहे. तारीख निजामाच्या राज्यातली, सरकारी. हे मी नेहमीप्रमाणे तळ्यावर पोचल्या पोचल्या लिहिलं होतं. पानाचा बाकीचा भाग घरी येऊन लिहिला, आणि त्यातल्या चार ओळी लिहायला मला सबंध हिवाळ्याच्या नोंदींपेक्षा जास्त वेळ लागला. त्याला आता सहा हिवाळे झाले. वही जवळ आहे, माणसं सगळी धडधाकट आहेत, तेव्हा काय झालं ते एकदा सरळ सांगून टाकतो.

आमचं गाव झरी आणि बोरीच्या मधे, सडकेपासून कोसभर आत. मी इथल्या शाळेत मास्तर. वर्ग चार, मास्तर दोन, सुट्टी शुक्रवारी. मला याद्या करायची सवय आहे. शाळेतल्या फुटक्या पाट्यांची यादी, घरातल्या बरण्यांची यादी, पावसाळ्याआधी गळणाऱ्या जागांची यादी. यादी अर्धी राहिली की मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, तुम्हाला उद्या देव भेटला तर आधी त्याचे हात मोजाल. ती म्हणते ते खरं असावं.

गावाच्या उत्तरेला जुनं तळं आहे. दसरा झाला की पाणी ओसरायला लागतं आणि बांधाच्या आतल्या बाजूला काळाशार गाळ उघडा पडतो. त्याच सुमाराला पाखरं येतात. कुठून येतात ते इथं कुणाला माहीत नाही. जमादार म्हणतात काबूलकडून, आप्पा म्हणतात कैलासाकडून. एका हिवाळ्यात मी तळ्याच्या कडेनं चालताना सहज किती प्रकारची पाखरं आहेत ते मोजायला लागलो, आणि पंधरा झाल्यावर लक्षात आलं की मला त्यातल्या तिघांचीच नावं येतात. झालं. त्या दिवसापासून दर शुक्रवारी वही, बोरू आणि दौत घेऊन मी तळ्यावर.

चकवा-चकवी सगळ्यांनाच ठाऊक असतात. टिबुकली, पाणकावळा, शेकाट्या ही नावं पाटकऱ्यानं सांगितली. हा तळ्याचं पाणी सोडणारा माणूस, त्याचा जन्म बांधावरच गेलेला. बाकीच्यांना आम्हीच नावं ठेवली. ज्याची चोच फावड्यासारखी तो फावड्या. ज्याची शेपटी सुईसारखी तो सुया. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे हंस येत, ते पट्टेवाले. पुढं कुणी शिकलेला भेटला तर खरी नावं विचारून घेऊ असं ठरलं होतं. तसा कुणी अजून भेटला नाही, आणि आता फावड्याला दुसरं नाव दिलं तर आम्हालाच तो ओळखू यायचा नाही.

आप्पा म्हणजे गावातले वाणी. लिंगायत, गळ्यात लिंग, पहाटे पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. दुकान धाकट्या भावावर टाकून शुक्रवारी माझ्याबरोबर येत. पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला हा नाद कसा लागला?" तर म्हणाले, "जन्मभर इकायचं तेच मोजायलो, मास्तर. एकदा न इकायचं काहीतरी मोजून बगतो."

जमादार निजामाच्या फौजेतून घरी बसलेले. त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघायची पितळी दुर्बीण होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही अशी त्यांची अट होती. म्हणून दुर्बिणीबरोबर जमादारही घ्यावे लागले. पाखरांची त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती, पण ती सगळी चवीवरून.

"मास्टर, वो लंबी दुम का देखो. उसका सालन खाए तो आदमी ससुराल का रस्ता भूल जाता."

"शिव शिव शिव!" आप्पा कानावर हात ठेवत. "जमादार, सकाळच्या पारी तोंड आवरा."

"मैं तो रंग बता रहा था, आप्पा."

"रंग सालनात न्हाई दिसत."

शेवटी मी नियम लिहून काढले. मोजणी चालू असताना बोलायचं नाही. सालन, कबाब आणि रस्सा हे तीन शब्द तळ्यावर वर्ज्य. मोजणी पुरी होईपर्यंत कुणी हात हलवायचा नाही, हाळी द्यायची नाही. या शेवटच्या नियमानंच घात केला, आणि तो नियम माझा.

आता आक्का. गाळात जी पेर होते तिला आमच्याकडे गाळपेर म्हणतात. त्या जमिनीचे पट्टे सरकार सालोसाल लावून देतं. आक्काचा पट्टा तळ्याच्या अगदी पोटाशी, लांबट, आणि मधोमध चार मेढींवर उभा केलेला माळा. पाखरं राखायला तिथं चढून बसायचं आणि गोफण चालवायची. नवरा वारल्यावर हा पट्टा तिनं एकटीनं केलेला. हात असा की गोफणीचा खडा शंभर पावलांवरच्या करकोच्याच्या दोन पायांमधे टाकील. मारायची नाही कधी. "मारून काय करू? एक मेला तर दुसऱ्याला कळंना, आन् ह्यो भ्याला तर समद्यास्नी सांगतो," म्हणायची.

सगळ्या तळ्यावर माळ्याइतकी चांगली जागा नव्हती. वर बसलं की पाणी, गाळ, पलीकडचा काठ, सगळं एका नजरेत. म्हणून आमचा तिच्याशी करार झाला. शुक्रवारी सकाळी माळा आमचा. बदल्यात तेवढा वेळ हरभरा आम्ही राखायचा आणि ती सरपण, धुणं, भाजीपाला आटोपून घ्यायची. तीन हिवाळे हा करार बिनतक्रार चालला.

आदल्या साली पाऊस लांबला होता. गाळ उशिरा उघडा पडला, आक्काची पेर मागं पडली, आणि कोवळं रान करकोच्यांनी असं साफ केलं की गिर्दावर, म्हणजे पीक तपासणारे सरकारी अंमलदार, पाहणीला आले तेव्हा त्यांनी पट्ट्यापुढं "पडीक" लिहिलं. पटवाऱ्यानं तिला नंतर सांगितलं की लागोपाठ दोन साल पडीक पडलं तर पट्टा काढून दुसऱ्याला देतात, आणि दुसऱ्या एकाचा अर्ज येऊन पडलाही आहे. म्हणजे या साली गिर्दावर येतील त्या दिवशी हरभरा उभा दिसला पाहिजे. नाही दिसला तर जमीन गेली, आणि माळाही. यंदा पाहणी मंगळवारी होती. आक्का झरीला जायला निघाली तेव्हा गुरुवारी मुद्दाम शाळेत आली. वर्गाच्या दारातूनच म्हणाली, "मास्तर, लेकीचे दिवस भरलेत, जावंच लागतंय. उद्या सकाळी तेवढं तुमच्या भरवशावर. परवा दुपारपातूर पाटकरी बगंल."

"निर्धास्त जा," मी म्हणालो. हे शब्द वहीत नाहीत, पण चांगले आठवतात.

मोजणीची आमची पद्धत अशी. मी डोळ्यांनी दहा-दहाचे घोळके मोजायचे आणि दर दहाला एक बोट वर करायचं. बोट दिसलं की आप्पांनी एक खडा बाजूला टाकायचा. शेवटी खडे मोजले की झालं. पण माळ्याला फटी. खडे खाली पडायचे, एकदा तर खाली उभ्या आक्काच्या टाळक्यात पडला होता. म्हणून त्या सकाळी आप्पांनी खड्यांऐवजी दुकानातून फुटाणे आणले. रुमाल दोन. लाल रुमालावर मोजणीचे, पांढऱ्यात खायचे. मी दोनदा बजावलं. जमादार म्हणाले, "मास्टर, फौज में पच्चीस साल निकाले. लाल-सफेद मेरेकू समझता."

उजाडायच्या सुमाराला दुधना नदीच्या वाळवंटाकडून करकोचे आले. दर सकाळी येतात, पण आमचा अनुभव असा की ते हवेत घिरट्या घालतात, दहा इकडं उतरतात, वीस तिकडं, आणि मोजता मोजता अर्धे पुन्हा उठतात. तीन हिवाळ्यांच्या याद्यांमधे करकोच्यांपुढं मी फक्त "पुष्कळ" लिहिलं होतं. पुष्कळ हा आकडा नव्हे. तो शब्द दिसला की मला कानकोंडं व्हायचं.

त्या सकाळी ते सगळे एकदम उतरले. आक्काच्या हरभऱ्यात, अंगावर राख फासलेल्या गोसाव्यांसारखे, रांगेनं. मान खाली. गडबड नाही, घिरट्या नाहीत. माळ्यापासून तीसेक पावलांवर पहिली रांग. अशी संधी पुन्हा येणार नाही हे मला दिसत होतं, आणि ते कुठं उतरले आहेत हेही दिसत होतं. मी मनात हिशेब केला: मोजायला फार तर दहा मिनिटं, मग हाळी. दहा मिनिटांत कितीसं खातील?

मी बोट वर करायला सुरुवात केली. आप्पा फुटाणे टाकत होते. जमादारांचा एक डोळा दुर्बिणीला, पलीकडच्या काठावर, दुसरा मिटलेला. रांगेमागून रांग मोजली. शेवटचा घोळका झाल्यावर मी दबक्या आवाजात म्हणालो, "मोजा, आप्पा."

"एकुनतीस."

"शक्य नाही. बोट दुखायला लागलं माझं. चाळिसाच्या वर नक्की झाले."

"मी टाकले त्येवढे टाकले, मास्तर. बोटाला येक. त्यात माझी चूक न्हाई."

तेवढ्यात मला कुरकुर ऐकू आली. अगदी जवळ, एका लयीत. मी वळून पाहिलं. जमादारांचा जबडा हलत होता.

"जमादार, तोंडात काय आहे?"

"फुटाने."

"कोणत्या रुमालातले?"

त्यांनी दुर्बीण डोळ्यावरून काढली, दुसरा डोळा उघडला, लाल रुमालाकडं पाहिलं, मग पांढऱ्याकडं. पांढऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. हात मात्र लाल रुमालाच्या काठावरच होता.

"या अल्ला," ते म्हणाले.

"किती खाल्ले?"

"खाते वक्त कौन गिनता, मास्टर?"

आप्पांना हसू आवरेना. पण ते लगेच सावरले आणि त्यांनी माझ्या बाहीला धरलं. "मास्तर, बास झालं आता. हाळी द्या. आक्काचं रान हाय."

मी म्हणालो, "एकदाच. पुन्हा एकदाच. जमादार, हात कोटाच्या खिशात घाला."

यात आप्पांचा दोष नाही. जमादारांचा फुटाण्यांपुरता. पुढचं सगळं माझं. मी पुन्हा बोट वर करायला लागलो. तोवर रांगा मोडल्या होत्या. करकोचे एकमेकांतून चालायला लागले होते, मोजलेले न मोजलेल्यांत मिसळत होते. मी मागं जाऊन पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. ऊन माळ्याच्या मेढीपर्यंत उतरलं. शेवटी एक मोठी घार पाण्यावरून खाली आली आणि सगळे एकदम कोकलत उठले, आभाळ भरून गेले, आणि दक्षिणेकडं निघून गेले. वहीत आकडा नव्हता.

आम्ही खाली उतरलो. पाण्याकडचा अर्धा पट्टा नुसत्या काड्या. माळ्याकडच्या अर्ध्याचे शेंडे तुटलेले, कुठं कुठं झाड मुळासकट उपटून टाकलेलं. ओल्या गाळात त्यांच्या तीन बोटांच्या खुणा, इतक्या की पाय ठेवायला जागा नाही.

मग जमादार म्हणाले, "मास्टर, वही में ये मत लिखो."

"लिहावं लागेल."

"मेरा नाम तो मत लिखो. पूरी जिंदगी की इज्जत है."

"नाव नाही लिहीत. 'जमादारांनी' एवढंच."

"गाव में दूसरा जमादार है कौन!"

घरी येऊन मी लिहिलं. मोजणी रद्द. जमादारांनी मोजणीचे फुटाणे खाल्ले. दुसऱ्या मोजणीच्या नादात मी हाळी दिली नाही. आक्काच्या हरभऱ्याचं नुकसान माझ्यामुळं.

शनिवारी मधल्या सुट्टीत मी शाळेतून तडक बांधावर आलो. आप्पा आणि जमादार आधीच येऊन उभे होते. सांगायचं कुणी ते ठरलं होतं: मी. काय सांगायचं तेही मी मनात तीन वाक्यांत बसवलं होतं. तेवढ्यात झरीकडून येणाऱ्या गाडीतून आक्का उतरली. आम्हाला तिघांना बांधावर बघून तिला वाटलं आम्ही तिच्या बातमीसाठीच थांबलोय. तोंडभर हसत म्हणाली, "नात झाली! नाक थेट आज्याचं." आणि पदराची गाठ सोडून तिनं तिघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

गूळ तोंडात, आणि माझी तीन वाक्यं घशात. शेवटी जमादारांच्यानं राहवलं नाही. "आक्का, मुबारक. और... वो चना गया."

ती आमच्याकडं एकदा बघून तरातरा पट्ट्याकडं निघाली. आम्ही मागं. तिनं ओरडाआरडा केला नाही. पाण्याकडच्या टोकापासून माळ्यापर्यंत चालत आली, दोन-तीनदा खाली बसली, नखानं माती उकरून बुडखे पाहिले. मग उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, तुमी राखायला बसल्ते का मोजायला?"

"मोजायला," मी म्हणालो.

"मंग राखायला कोन व्हतं? जमादार भाऊ, तुमी?"

"मैं दूर की निगरानी पे था."

"आन् आप्पा?"

"मी फुटाने टाकायलो व्हतो, आक्का."

तिनं कमरेवर हात ठेवले. "एवढी जानती मान्सं. येकजन बोट वर करायला, येकजन फुटाना टाकायला, येकजन फुटाना खायला. पाखरं हाकायला कुनीच न्हाई!"

फुटाणे खाल्ल्याचं तिला कुणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही, बहुतेक गाडीवानानं. गावात ही बातमी आमच्या आधी पोचली होती.

मग ती कामाला लागली, आणि आम्हालाही लावलं. माळ्याकडच्या भागाचे बुडखे जिवंत आहेत, ते फुटतील, पण पाण्याकडं पुन्हा टोबल्याशिवाय गत्यंतर नाही असं तिनं ठरवलं. आप्पांच्या दुकानातला बियाचा हरभरा त्याच दुपारी भिजत पडला. रविवारी तांबडं फुटायला आम्ही तिघं खुरपी घेऊन हजर. शाळा दहाला, त्याच्या आत माझा वाटा पुरा करायचा होता. आक्का पुढं, दोरी धरून. मागं आम्ही वाकून, वितीवर खड्डा, खड्ड्यात दोन दाणे, वर माती. आप्पांना सवय नव्हती, दर दहा पावलांवर कंबर धरून "शिवा" म्हणायचे. जमादार मात्र चालीत चालले होते. त्यांच्या ओंजळीत भिजलेला हरभरा बघून आक्का म्हणाली, "भाऊ, हे पेरायचे हाईत. खायचे नव्हंत. सांगून ठेवते."

"हौ, आक्का. याद है."

"तोंड उगडून दावा."

आणि त्या माणसानं, फौजेत पच्चीस साल काढलेल्या, खरंच तोंड उघडून दाखवलं. रान पाहिल्यापासून आक्का पहिल्यांदा हसली. सोमवारी मी शाळेआधी आणि आप्पा शाळेच्या वेळात, असं पाळीपाळीनं माळ्यावर बसून गोफण चालवली. वही घरी ठेवली होती.

मंगळवारी सकाळी, शाळेच्या आधीच, गिर्दावर घोड्यावरून आले, बरोबर पटवारी. घोडा बांधावरच थांबला. वरून त्यांना काय दिसलं ते मला आज समजतं: अर्ध्या पट्ट्यात ताजी उकरलेली माती आणि बाकीच्यात तुटके बुडखे. ते म्हणाले, "बाई, ये तो कल का बोया हुआ है. मेरेकू दिखाने के वास्ते?"

आक्का दबली नाही. "पान्याकडचं परवाचं हाय, साहेब. माळ्याकडचं आगुदरचं हाय. खाली उतरून बगा."

"मैं यहीं से देख लिया," म्हणून त्यांनी पटवाऱ्याकडं हात केला, कागदासाठी.

मी पुढं झालो. वही मी मुद्दाम आणली होती, पण ती कामाला येईल असा माझा काही डाव नव्हता; हरभरा किती दिवसांचा असं कुणी विचारलं तर तारखा सांगता याव्यात, एवढंच. दर शुक्रवारी पाखरं कुठं बसली ते लिहिताना मी रानाचीही नोंद करत असे. मी म्हणालो, "साहेब, यात गेल्या पाच शुक्रवारांच्या नोंदी आहेत." गिर्दावरांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी वही पटवाऱ्याकडं दिली. पटवारी वाचून उर्दूत सांगू लागला. बहमनच्या आधीच्या दै महिन्यात: आक्काचा हरभरा चार बोटं, चकवा-चकवी पूर्वेला. पुढच्या शुक्रवारी: हरभरा वीतभर, फावड्या बदकं चौसष्ट. गिर्दावर जांभई देत ऐकत होते. मग पटवारी बारा बहमनच्या पानावर आला. एक ओळ वाचून तो थांबला आणि माझ्याकडं बघायला लागला.

"पढ़ो, पढ़ो."

त्यानं वाचलं. त्याचा आवाज थरथरत होता, भीतीनं नव्हे.

"क्या?" गिर्दावर म्हणाले. "फिर से."

त्यानं पुन्हा वाचलं. गिर्दावरांनी आमच्याकडं एकेक करून पाहिलं. "गिनती के फुटाने... कौन खाया?"

जमादार टाचा जुळवून ताठ उभे राहिले. "मैं, हुजूर."

गिर्दावर इतके हसले की घोडा दोन पावलं मागं सरला. डोळे पुसले. मग त्यांनी मला विचारलं, "और ये तुम्हीच लिखे? अपने हाथ से? 'मेरी वजह से'?" मी हो म्हणालो. त्यांनी आणखी थोडा वेळ वहीकडं पाहिलं, लगाम पटवाऱ्याच्या हातात दिला आणि घोड्यावरून उतरले.

खाली आल्यावर काम पाच मिनिटांचं होतं. माळ्याकडच्या भागात आक्कानं एक बुडखा उपटून त्यांच्या हातात दिला. जाडजूड मूळ, त्याला गाठी, आणि तुटलेल्या शेंड्याच्या खालून चार नवे कोंब. कालचं पेरलेलं असं दिसत नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पटवाऱ्याला सांगितलं ते मी ऐकलं: चना, खड़ा. म्हणजे हरभरा उभा, पट्टा राहिला. जाताना जमादारांच्या खांद्यावर थाप मारून गेले.

एक गोष्ट त्या साली मला नवीन कळली. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड आडवं फुटतं, त्यासाठी बायका मुद्दाम खुडतात. करकोच्यांनी जिथं नुसते शेंडेच नेले होते तिथं झाडं पौषात अशी घुमारली की दोन ओळींतली माती दिसेना. पाण्याकडचा टोबलेला भाग मागासच राहिला, त्याचं फार काही निघालं नाही. पण माळ्याकडच्या घाट्यांनी ते बरंचसं भरून काढलं. आक्का हे कबूल करत नसे. "पाखरांनी खुडलं म्हनून न्हाई, मी टोबलं म्हनून," म्हणायची. पाण्याकडचा टोबलेला हरभरा खुरटा, वेगळा दिसत होता तरीही.

माघात तिनं हुळा भाजायला बोलावलं. बांधाखाली काट्याकुट्यांचा जाळ, त्यावर हिरव्या हरभऱ्याचे डहाळे, हात काळे, तोंडं काळी. लेक बाळाला घेऊन आली होती, आणि जमादारांनी बाळाला दुर्बीण दाखवली. पहिल्यांदाच ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली. आप्पा घाटे सोलून सोलून सगळ्यांपुढं टाकत होते. त्या दिवशी तळ्यावर पट्टेवाले हंस होते आणि मी ते मोजले नाहीत. म्हणजे मोजायला लागलो होतो, पण सातवर आक्कानं पाहिलं.

"मास्तर."

"नाही, नाही. सहज."

"ऐका तिघंबी," ती म्हणाली. "माझ्या माळ्यावर ज्यानं चढायचं त्यानं हाकायचं. मोजायचं आसंल तर आपला माळा आपुन बांधा. त्या टेकाडावर, पल्याडच्या अंगाला. तितून मोजा, न्हाईतर आभाळातल्या चांदन्या मोजा. माझ्या रानात मोजनी बंद."

शिक्षा रास्त होती. मी तिथंच वही उघडून यादी केली. मेढी चार, बाभळीच्या, दीड पुरुष उंचीच्या. आडवे वासे सहा. सुंभ. वर टाकायला कडबा. शिडी.

त्यातलं बरंच झालं आहे. वासे आप्पांनी दिले. सुंभ जमादारांनी स्वतः वळला, आणि माप न घेता वळल्यामुळं दुप्पट झाला. दोन मेढी पहिल्याच उन्हाळ्यात टेकाडावर रोवल्या, तिसरी तिसऱ्या साली. चौथ्या मेढीसाठी पाटकऱ्यानं बांधापलीकडची एक सरळ बाभूळ दाखवून ठेवली आहे. पण पावसाळा लागला की तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबायला लागतात, तेव्हा तिला हात लावता येत नाही. घरटी रिकामी होतात दिवाळीच्या सुमाराला, आणि तोवर पाखरं आलेली असतात आणि आम्ही तिघं बांधावर उभ्या उभ्या मोजत असतो. उन्हाळ्यात वेळ असतो, पण उन्हाळ्यात कुणाला माळ्याची आठवण होत नाही. आक्का होळीला भेटली की विचारते. या साली मी तिला फाल्गुनाचा वायदा केला आहे, आणि कुऱ्हाड धार लावायला दिली आहे. चौथी मेढ अजून आणायची आहे.